ओकचा चित्रकार : तेओदोर रूसो आणि फाँतेनब्लोचं जंगल

१८३६ साली पॅरिसमधल्या एका तरुण चित्रकाराने आठ फुटांहून उंच असा एक कॅनव्हास सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांपुढे ठेवला. हिवाळा तोंडावर आला की ज्यूरा पर्वतातले गुराखी उंचावरच्या कुरणांतून गुरं खाली आणतात, त्याचं ते चित्र. देव नाही, राजा नाही, लढाई नाही. उतार, झाडांची दाटी आणि त्यातून वाट काढत येणारी गुरं. परीक्षकांनी चित्र नाकारलं. पुढे १८४१ पर्यंत ते त्याची चित्रं नाकारतच राहिले आणि पॅरिसच्या कलावर्तुळात त्याला ‘थोर नाकारलेला’ असं नावच पडलं.

या चित्रकाराचं नाव तेओदोर रूसो. ‘सामाजिक करार’वाला तत्त्वज्ञ झाँ-झाक रूसो त्याच्या शंभर वर्षं आधीचा. वाघ आणि काल्पनिक अरण्यं रंगवणारा आन्री रूसो त्याच्या नंतरचा. आपला रूसो १८१२ ते १८६७ या काळातला आणि तिघांत सगळ्यात कमी माहीत असलेला. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. झाड हाच चित्राचा नायक असू शकतो, हे त्याने आयुष्य पणाला लावून दाखवलं. आणि त्या पाहण्यातूनच पुढे एका जंगलाचा काही भाग कुऱ्हाडीपासून वाचवणारा सरकारी हुकूम निघाला. चित्र आणि हुकूम या दोन गोष्टी एकमेकींना कशा जोडल्या गेल्या, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी नकाराचं कोडं सोडवू. गुरांच्या चित्रात एवढं आक्षेपार्ह काय होतं?

त्या काळी पॅरिसमध्ये चित्रकाराचं नशीब ‘सालों’ नावाच्या प्रदर्शनावर ठरायचं. हे सरकारी प्रदर्शन लूव्रमध्ये भरायचं. तिथे चित्र लागलं तर गिऱ्हाईक, वर्तमानपत्रातलं परीक्षण, सरकारी काम, सगळं मिळण्याची शक्यता. नाही लागलं तर दार बंद. चित्रं निवडणारे परीक्षक कला अकादमीचे सदस्य असत आणि अकादमीकडे चित्रविषयांची ठरलेली उतरंड होती. सगळ्यात वर इतिहास, पुराण आणि धर्म यांवरची चित्रं. त्याखाली व्यक्तिचित्रं, मग रोजच्या जगण्यातले प्रसंग. निसर्गचित्र पार तळाकडे, फळंफुलं मांडून काढलेल्या चित्रांच्या जरासं वर. यामागचा विचार असा की चित्रकाराची बुद्धी माणसाचं शरीर आणि मानवी कृती रंगवण्यात लागते. झाड काय, समोर दिसतं तसं उतरवायचं.

निसर्गचित्राला मान मिळवायची एक वाट होती. झाडांखाली ग्रीक देवता बसवा, मागे रोमन देवळाचे खांब दाखवा, म्हणजे ते ‘ऐतिहासिक निसर्गचित्र’ झालं. १८१७ पासून तर यासाठी वेगळा सरकारी पुरस्कार सुरू झाला होता आणि तो जिंकणाऱ्याला शिकायला रोमला पाठवत. रूसोचे एक गुरू रेमों यांनी १८२१ साली तो मिळवला होता. शिष्यानेही त्याच वाटेने जावं, इटलीचं सोनेरी ऊन आणि भग्नावशेष रंगवावेत, अशी अपेक्षा. रूसो इटलीला गेलाच नाही.

त्याचे वडील पॅरिसमध्ये कपड्यांच्या धंद्यात होते. किशोरवयात काही काळ त्याला ज्यूराच्या रानात एका लाकूड-गिरणीवर धाडलं होतं. तिथे त्याला झाड दोन्ही रूपांत दिसलं असणार, उभं आणि ओंडका झालेलं. अठराव्या वर्षी, १८३० मध्ये, तो ओव्हेर्न्यच्या ज्वालामुखी डोंगरांत फिरून उघड्यावर बसून रंगवत होता. लूव्रमध्ये सतराव्या शतकातले डच निसर्गचित्रकार त्याने बारकाईने पाहिले. रायस्डाल आणि होबेमा यांना झाडाशेजारी देवता बसवायची गरज कधी पडली नव्हती. त्यातच १८२४ च्या सालोंमध्ये इंग्लंडच्या कॉन्स्टेबलची चित्रं लागून गेली होती. ओढ्यातून जाणारी साधी गाडी, ओलसर हवा, हलते ढग. पॅरिसच्या तरुण पिढीवर त्यांचा मोठा परिणाम झाला.

सुरुवातीला रूसोला दरवाजा उघडाही मिळाला. १८३१ साली त्याचं चित्र सालोंमध्ये लागलं आणि पुढे राजाच्या थोरल्या मुलाने त्याचं एक चित्र विकतही घेतलं. म्हणजे कसब नव्हतं म्हणून तो नाकारला गेला, असं म्हणायला जागा नाही. त्याने मोठ्या ऐतिहासिक चित्राच्या आकाराचा कॅनव्हास घेऊन त्यावर गुरं आणि झाडं रंगवली, हे खटकलं. उतरंडीत तळाला असलेल्या विषयाला त्याने थेट वरच्या पाटावर बसवलं होतं. आरी शेफर या प्रस्थापित चित्रकाराने ते चित्र आपल्या स्टुडिओत लावून लोकांना दाखवलं. तेओफिल तोरेसारखा समीक्षक त्याच्या बाजूने लिहीत राहिला. परीक्षक मात्र बधले नाहीत. शेवटी १८४१ नंतर रूसोने चित्रं पाठवणंच थांबवलं.

ते गुरांचं चित्र आज नेदरलँड्समध्ये द हेग इथल्या मेसडाग संग्रहात आहे, पण पाहणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. रूसोने त्यात बिट्युमेन वापरलं होतं. रस्त्यावरच्या डांबराच्या जातीचा हा पदार्थ तैलरंगात मिसळला की ओलसर, खोल, उबदार तपकिरी छटा येते, आणि त्या काळच्या चित्रकारांना तिची भुरळ पडलेली होती. अडचण अशी की बिट्युमेन पूर्ण वाळतच नाही. त्याच्यावर दिलेला रंगाचा थर दुधावरच्या सायीसारखा घट्ट होतो, खालचा थर मऊ राहून सरकत राहतो. मग वरचा थर फाटतो, सुरकुततो आणि चित्र वर्षागणिक काळं पडत जातं. ज्या चित्रावरून एवढं रामायण घडलं ते आपल्याला जवळजवळ अंधारातच पाहावं लागतं, याची हळहळ वाटते.

आता जंगलाकडे वळू.

पॅरिसच्या आग्नेयेला साठेक किलोमीटरवर फाँतेनब्लोचं जंगल आहे. फ्रेंच राजांचं हे शिकारीचं रान. जुने ओक, बीच आणि हॉर्नबीम, मध्येच उघडी वाळू, आणि राखी वालुकाश्माचे प्रचंड गोटे. जंगलाच्या पश्चिम कडेला बार्बिझों नावाचं शेतकऱ्यांचं आणि लाकूडतोड्यांचं खेडं. तिथे गान नावाच्या कुटुंबाची खाणावळ होती. चित्रकार तिथे स्वस्तात राहायचे, दिवसभर रानात बसायचे आणि रात्री खाणावळीच्या भिंतींवर, कपाटांच्या दारांवर चित्रं काढायचे. त्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

चित्रकार एवढ्या संख्येने घराबाहेर पडू शकले त्याला दोन साधी कारणं आहेत. पूर्वी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. टाचणीने भोक पाडून रंग काढायचा, मग तो वाळायचा, पिशवी फुटायची. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने पिळायची धातूची ट्यूब काढली आणि रंगांची पेटी खांद्याला लावून मैलोन्‌मैल चालणं सोपं झालं. दुसरं कारण म्हणजे १८४९ मध्ये फाँतेनब्लोपर्यंत पोहोचलेली रेल्वे.

रूसो १८४७-४८ च्या सुमारास बार्बिझोंमध्ये स्थायिक झाला. त्याच वेळी राजेशाही कोसळली, प्रजासत्ताक आलं आणि नव्या सरकारने या नाकारलेल्या चित्रकाराला चित्राचं काम दिलं. ते चित्र आज लूव्रच्या संग्रहात आहे. जंगलाच्या कडेला वाकलेल्या झाडांची कमान, कमानीतून दिसणारं मावळतीचं आभाळ आणि डबक्यावर पाणी प्यायला आलेली गुरं. १८४९ मध्ये झाँ-फ्राँस्वा मिले कुटुंबकबिल्यासह बार्बिझोंला आला. शेतात राबणारी माणसं रंगवणाऱ्या मिलेची आणि झाडं रंगवणाऱ्या रूसोची दोस्ती शेवटपर्यंत टिकली. १८५५ मध्ये मिलेच्या घरी पैशांची ओढाताण होती. झाडावर कलम करणाऱ्या शेतकऱ्याचं मिलेचं एक चित्र ४,००० फ्रँकना एका अमेरिकन गिऱ्हाइकाने घेतलं, असं त्याला कळवण्यात आलं. तो अमेरिकन गिऱ्हाईक रूसोच होता. मित्राला उपकाराचं ओझं वाटू नये म्हणून त्याने नाव लपवलं होतं.

रूसोचं वेगळेपण एका चित्रात लख्ख दिसतं. ‘आप्रेमाँचे ओक’ हे १८५० च्या सुमाराचं चित्र, आकाराने मध्यम, जेमतेम मीटरभर रुंद. सपाट माळावर ओकचा एक झुबका. भर दुपार आहे. त्या काळचे निसर्गचित्रकार सहसा सकाळ किंवा संध्याकाळ निवडत, कारण तिरप्या उन्हात लांब सावल्या मिळतात आणि चित्र आपोआप नाट्यमय होतं. दुपारचं ऊन हे नाट्य काढून घेतं. इथे सावल्या झाडांच्या बुंध्यापाशीच गोळा झाल्यात. गुरं सावलीत आणि आसपास चरतायत. गुराखी आहे, पण मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. मग डोळा झाडांवरच थांबतो. जरा वेळ दिला की कळतं, यातला एकही ओक दुसऱ्यासारखा नाही. कुणाचा घेर एका बाजूला कललेला, कुणाच्या वरच्या फांद्या विरळ, कुणी शेजाऱ्याला जागा देत वाढलेला. व्यक्तिचित्र काढणारा जसा चेहरा वाचतो तसा रूसो झाड वाचतो. झाडांचं बोलणं आपल्याला ऐकू येतं, अशा अर्थाचं तो म्हणायचा, हे त्याचा मित्र आणि चरित्रकार आल्फ्रेद साँसिए याने नोंदवलं आहे. चित्र पाहिल्यावर त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

त्याला चित्र संपवता यायचं नाही, हेही सांगायला हवं. ‘हिवाळ्यातलं जंगल, सूर्यास्त’ हा प्रचंड कॅनव्हास त्याने १८४५-४६ च्या हिवाळ्यात सुरू केला आणि मरेपर्यंत, वीसेक वर्षं, अधूनमधून त्यावर काम करत राहिला. आपलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, असं तो मानायचा आणि त्याने ते विकलं नाही. आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पानं झडलेल्या फांद्यांचं काळं जाळं आणि त्याच्या आड लाल मावळती. तळाशी पाठीवर मोळ्या घेऊन वाकलेल्या दोन बाया, त्या रानापुढे अगदी एवढ्याशा. आणखी एक उदाहरण बेकिन्यी या खेड्याच्या चित्राचं. १८५७ मध्ये सुरू केलेलं हे चित्र १८६४ च्या सालोंमध्ये लागलं तेव्हा त्यात गडद निळं आभाळ होतं, कारण मधल्या काळात रूसोला जपानी छापचित्रांचं वेड लागलं होतं. टीका झाली, आणि त्याने आभाळ पुन्हा बदललं. पुढे आलेल्या इम्प्रेशनिस्टांपेक्षा तो वेगळा पडतो तो इथेच. मोने आणि त्याचे मित्र एका क्षणाचा उजेड पकडायला धावायचे. रूसोला क्षण नको होता. झाड वाढायला जेवढा काळ घेतं त्याची जाणीव त्याला चित्रात आणायची होती. तरी मोने, रेन्वार, सिस्ले, बाझी ही पोरं १८६० च्या दशकात याच जंगलाच्या कडेला, शायी गावात, रंगपेट्या घेऊन उतरली.

रूसो ज्या झाडांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून होता ती एकेक करून पडत होती. वनखात्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हतं, आणि त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. फ्रान्समध्ये १८२४ साली नान्सी शहरात वनविद्येची शाळा निघाली, १८२७ साली वन कायदा झाला. शाळेचं शास्त्र असं : जंगल हे लाकडाचं भांडवल आहे. त्याचे भाग पाडा, एका भागात एका वयाची झाडं वाढवा, ठरलेल्या वयाला तोडा, पुन्हा वाढू द्या. म्हणजे लाकूड कायम मिळत राहील. या हिशेबात चारशे वर्षांचा पोकळ ओक म्हणजे अडवून ठेवलेली जागा. शिवाय उघड्या वाळूवर काहीतरी उगवावं म्हणून १८३० च्या दशकापासून हजारो हेक्टरवर स्कॉट्स पाइन लावले गेले. चित्रकारांना हे एकसुरी, काळपट पाइन मुळीच सहन होत नसत. त्यांनी रोपं उपटून टाकल्याचे किस्से आजही सांगितले जातात. दुसरीकडे वालुकाश्म फोडून पॅरिसच्या रस्त्यांसाठी फरशा जात होत्या.

हीच नान्सीची शाळा आपल्याकडच्या जंगलांशीही जोडलेली आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हिंदुस्थानच्या वनखात्यात येणारे कित्येक इंग्रज अधिकारी प्रशिक्षणासाठी नान्सीला जात. जंगलाचे भाग, तोडीचं चक्र, रोपवन हे ज्या विचारातून आलं तो विचार इथल्या राखीव जंगलांतही त्यांच्याबरोबर पोहोचला.

१८४७ मध्ये रूसोने झाडं पाडणाऱ्या लाकूडतोड्यांचं एक चित्र सुरू केलं आणि त्याला ‘निष्पापांची कत्तल’ असं नाव दिलं. हे नाव ख्रिस्ती वाचकांच्या काळजाला भिडणारं आहे. बाळ येशूला मारण्यासाठी हेरोद राजाने बेथलेहेममधली तान्ही मुलं कापून काढली, त्या कथेचं हे नाव. अकादमीच्या उतरंडीत सर्वांत वरचा असलेला धार्मिक विषय रूसोने उचलला आणि बळींच्या जागी झाडं उभी केली. चित्र अपुरं राहिलं. मला त्याच्या सगळ्या कामात हे पाऊल सर्वांत धाडसी वाटतं, कारण झाड तोडणं हा पापपुण्याचा प्रश्न असू शकतो, असं तोवर क्वचितच कुणी एवढ्या थेटपणे रंगवलं होतं.

१८५२ मध्ये तो अर्ज-विनंत्यांच्या मार्गाला लागला. साँसिएच्या मदतीने त्याने ड्यूक द मोर्नी याच्यामार्फत फ्रान्सचा नवा सत्ताधीश तिसरा नेपोलियन याच्याकडे गाऱ्हाणं मांडलं. मोर्नी सम्राटाचा सावत्र भाऊ आणि चित्रांचा संग्राहक, तेव्हा माणूस बरोबर निवडला होता. अर्जातला युक्तिवाद चलाख होता. झाडांवर दया करा, असं म्हणून भागणार नव्हतं. हे रान म्हणजे देशाच्या इतिहासाची जिवंत आठवण आहे, आणि जुन्या थोर चित्रकारांच्या कृतींपासून आम्ही जसं शिकतो तसं या झाडांपासून शिकतो, असं म्हटलं की प्रश्न वारसा जपण्याचा होतो. स्मारकं आणि संग्रहालयं सांभाळायची हे सरकारला मान्य होतंच. रूसोने जंगलाला त्यांच्या पंक्तीत बसवलं.

१८५३ मध्ये ६२४ हेक्टर तोडीतून वगळले गेले. १३ ऑगस्ट १८६१ रोजी सम्राटाच्या हुकमाने हे क्षेत्र १,०९७ हेक्टर झालं आणि सरकारी कागदांत त्याला ‘कलात्मक’ विभाग म्हटलं गेलं. अमेरिकेचं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं ते १८७२ मध्ये, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी. निसर्ग राखण्यासाठी सरकारने कायद्याने जागा राखल्याचं हे जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण आहे. श्रेय एकट्या रूसोचं नाही. पहिल्या नेपोलियनच्या फौजेतला माजी सैनिक क्लोद-फ्राँस्वा दनकूर १८४० च्या दशकापासून या जंगलात पायवाटा आखत होता आणि वाटाड्या पुस्तिका छापत होता. त्याच्यामुळे पॅरिसकर सुट्टीला इथे येऊ लागले. ज्या जंगलात मतदार आणि वर्तमानपत्रवाले फिरायला येतात ते तोडणं कोणत्याही सरकारला जड जातं.

या संरक्षणाच्या मर्यादाही होत्या. सोळा-सतरा हजार हेक्टरच्या सरकारी जंगलातला हा जेमतेम सोळावा हिस्सा. निवड देखाव्यावरून झाली. वाकडेतिकडे ओक आणि भव्य खडक वाचले. कीटक, बुरशी, दलदल यांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. जळणासाठी रानावर अवलंबून असलेल्या गोरगरिबांचे जुने हक्क १८२७ च्या कायद्याने आधीच आवळले होते, त्यांना या हुकमाने काही दिलं नाही. रूसोच्या चित्रातल्या त्या मोळीवाल्या बाया पाहताना हे माझ्या मनातून जात नाही.

१८५५ च्या जागतिक प्रदर्शनात रूसोची चित्रं मानाने लागली. १८६७ च्या प्रदर्शनात तो परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता, म्हणजे एके काळी ज्यांनी त्याला नाकारलं त्यांच्या खुर्चीवर. पण सन्मानांची यादी निघाली तेव्हा ‘लेजियन ऑफ ऑनर’ या सरकारी सन्मानात सहकाऱ्यांना मिळालेली बढती त्याला मिळाली नाही. हा अपमान त्याने मनाला लावून घेतला. बढती पुढे मिळाली, तोवर त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. पत्नी दीर्घकाळ मानसिक आजाराने ग्रस्त होती. शेवटच्या महिन्यांत मिलेने त्याची काळजी घेतली. २२ डिसेंबर १८६७ रोजी बार्बिझोंमध्ये तो गेला. शायीच्या दफनभूमीत त्याला पुरलं, आणि १८७५ मध्ये मिलेलाही तिथेच.

राखून ठेवलेल्या भागांपैकी ‘ला तिल्ये’ नावाच्या तुकड्यात १८५३ पासून व्यावसायिक तोड झालेली नाही. त्यामुळे माणसाने हात आखडता घेतल्यावर जंगल स्वतःहून कुठे जातं, हे पाहायला परिसरशास्त्रज्ञ तिथे येतात. ओकच्या रोपाला भरपूर ऊन लागतं, बीचचं रोप सावलीतही तग धरतं. त्यामुळे म्हातारे ओक पडत गेले तशी त्यांची जागा बीचने घेतली. रूसोच्या लाडक्या ओकचं राज्य त्याच्याच मागणीतून राखलेल्या जागेत संपत गेलं. पडलेले बुंधे तिथेच कुजू दिले जातात आणि मेलेल्या लाकडावर जगणाऱ्या बुरशीसाठी आणि भुंग्यांसाठी फाँतेनब्लो आज युरोपभर प्रसिद्ध आहे. १९४८ साली निसर्ग संरक्षणाची आंतरराष्ट्रीय संघटना, जी आज धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी काढते, तिची स्थापनाही फाँतेनब्लोमध्येच झाली. १८६१ चा ‘कलात्मक’ विभाग आता त्या नावाने उरलेला नाही. त्याच्या जागी जैविक राखीव क्षेत्रं आली आहेत, आणि काय वाचवायचं हे आता देखाव्यावरून ठरत नाही.